वटारच्या बंगल्यातलं भूत

वसईकडच्या जूचंद्र गावच्या पुतळाबाईंनी आयुष्यात एकदाच सिनेमात काम केलं, तेही भुताचं. तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्या आणि नवरा बळीराम वटार गावच्या एका बागायती वाडीत केळीच्या कामाला जात. वाडीच्या मालकांचा जुना बंगला रिकामाच पडलेला. एक दिवस मुंबईहून काही मंडळी कॅमेरा घेऊन तिथे उतरली. त्यांना एक छोटा विनोदी सिनेमा करायचा होता. एक कारकून स्वस्तात मिळतोय म्हणून बंगला भाड्याने घेतो आणि तिथली भुताटकी त्याला झोपू देत नाही, एवढीच गोष्ट.

भूत होणारी बाई तापाने अंथरुणाला खिळली. दिग्दर्शकांना डोक्यावर केळीचा घड घेऊन ताठ चालणाऱ्या पुतळाबाई दिसल्या. त्यांनी विचारलं, आणि पुतळाबाई काही बोलायच्या आत बळीरामच हो म्हणाला.

खिडक्यांना काळी कापडं लावून भर दुपारी रात्र केली गेली. पांढरं लुगडं, मोकळे केस, हातात कंदील. पुतळाबाई जिना उतरू लागल्या. बाहेर वाडीत रहाट कुरकुरत होता, आत मिट्ट अंधार. आपण जागे आहोत की झोपेत, हेच त्यांना कळेना. खाली कारकून थरथरला आणि त्याची चिकटवलेली मिशी गळून पडली. पुतळाबाईंना हसू आवरेना. दिग्दर्शक म्हणाले, थांबू नका, हसत राहा.

पुढे तो सिनेमा कुठे लागला की नाही, वाडीत कुणालाच कळलं नाही. पुतळाबाईंना मुलं झाली, नातवंडं झाली, भाताच्या शेतांवर इमारती चढल्या. भुताची गोष्ट पुतळाबाई घरात सांगत, पण ती कुणाला फारशी खरी वाटत नसे. हळूहळू त्यांनाही वाटू लागलं, पडलं असेल एखादं स्वप्न. बळीराम गेले तेव्हा भिंतीवर लावायला म्हातारपणीचाच फोटो मिळाला. तरुणपणीचा एकही नव्हता.

नात मनाली नायगावला फ्लॅटमध्ये राहते. तिची शेजारीण विनया जुने सिनेमे मिळवून सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवते. गेल्या हिवाळ्यात तिच्या हाती एक विसरलेली कृष्णधवल फिल्म लागली. आवाज पार गेलेला, चित्र मात्र शाबूत. आजीची भुताची गोष्ट तिने मनालीकडून ऐकली होती; सुरुवातीला वटारचं नाव दिसलं म्हणून तिने मनालीला कळवलं, आणि रविवारी दुपारी मनाली आजीला घेऊन आली.

पडद्यावर जिन्यावरून एक पोरगी उतरत होती. खाली आली आणि हसू लागली, अगदी निःशब्द. हॉलमधली माणसं वळून वळून पुतळाबाईंकडे बघत होती. त्या मात्र कुणा परक्या मुलीकडे पाहावं तशा पाहत राहिल्या.

मग बंगल्यातली खुर्ची आपोआप सरकली, आणि कपाटामागून कुणाचा तरी पाय बाहेर आलेला दिसला. चूक तशीच राहून गेली होती. सगळे खळखळून हसले. पुतळाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. मनालीचा हात धरून त्या म्हणाल्या, "परत दाखव."

विनयाने फिल्म मागे नेली. पाय पुन्हा आला. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली.

"यो पाय तुज्या आज्याचा हाय," पुतळाबाई हलकेच म्हणाल्या. "खुर्चीची दोरी त्यानंच ओढली व्हती."

विनयाने दिवे लावले नाहीत.

नंतर विनया म्हणाली, त्या पायाचा छान फोटो काढून देते, फ्रेम करा. पुतळाबाईंनी नको म्हटलं. फोटोत तो हलायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यापेक्षा मनालीकडे आल्या की जेवण झाल्यावर त्या खिडकीशी बसतात आणि ती त्यांना विनयाकडून घेतलेला तोच सिनेमा टीव्हीवर लावून देते. हल्ली त्यांना वटारची ती केळीची पानंसुद्धा हिरवी आठवत नाहीत, राखाडीच आठवतात. कधी कधी खुर्ची सरकायच्या आतच त्यांचा डोळा लागतो. मनाली टीव्ही तसाच चालू ठेवते.