भाऊ आईला वैनी म्हणायचा

धाकटा भाऊ अंगावर पीत होता तेव्हा आईला खोकला लागला. आम्ही कुसगावचे. वडील लोणावळ्याला रेल्वेत कामाला होते, शिवाय थोडी भातखाचरं होती. लावणीच्या चिखलात उभं राहून खोकला झाला असेल, असं सगळे म्हणत राहिले. मग एकदा गोठ्यात शेण काढताना तिच्या तोंडातून रक्त आलं. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला आणि वडिलांना म्हणाले, "क्षय आहे. बरा होईल, आता औषधं आहेत. पण पोराला आजपासून आईजवळ द्यायचं नाही."

वडिलांनी लगेच शिरगावला माणूस धाडून आत्याला बोलावून घेतलं. आत्या त्यांची धाकटी बहीण, विधवा, मूलबाळ नव्हतं. ती येईपर्यंत भाऊ पाळण्यात रडत होता आणि आई पडवीच्या टोकाला, त्याच्याकडे पाठ करून बसली होती. छातीला तिने पंचा घट्ट आवळून बांधला होता. तो दुधाने भिजला होता. आत्याने आल्या आल्या भावाला उचललं, गाईच्या दुधात पाणी घालून बोंडल्याने पाजलं. त्याचं रडणं थांबल्यावर मग आई रडायला लागली.

टीबीचा दवाखाना माळावर होता, भोवती तारेचं कुंपण. मुलांना आत सोडत नसत. वडील आम्हांला न्यायचे, तेव्हा आम्ही कुंपणाबाहेर आणि आई लांब व्हरांड्यात, तोंडावर पदर धरून. ओरडून बोलावं लागे. आई मला विचारायची,

"जेवती का गं नीट?"

"व्हय!"

"आन् त्यो?"

भाऊ आत्याच्या कडेवर असायचा. "बग, आई बग तुजी," असं ती म्हणाली की तो तिच्याच मानेत तोंड खुपसायचा. बोलायला लागला तसा तो आत्यालाच आई म्हणू लागला. कुणी शिकवलं नव्हतं त्याला.

आई बरी होऊन घरी आली तेव्हा पुढच्या वर्षीची भातं कापून झाली होती. अंगाने भरली होती, छान दिसत होती. आत्याने भावाला पुढे ढकललं, "जा, आई आली." तशी आई झटकन मागे सरली. "नगं वन्सं, ऱ्हाऊ द्या." प्रवासाने दमली असेल, असं आम्हांला वाटलं.

पण ते तसंच राहिलं. तिने स्वतःचं ताट-तांब्या वेगळा ठेवला. जेवण झालं की ती भांडी उकळत्या पाण्यात टाकायची. पावसाळ्यातही पडवीतच निजायची. आमच्याशी बोलायची ती तोंड बाजूला वळवून. वडील चिडायचे.

"डागदर म्हनला न्हवं, आता काय न्हाई म्हनून?"

"म्हनला."

"मंग?"

ती उठून आपलं ताट-तांब्या उचलायची. वडिलांनी तिला पुन्हा डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नवा फोटो दाखवला, सगळं साफ आहे म्हणाले, आणि धीर द्यायला तिचा हात हातात घेतला. तिने तो हिसडून काढून घेतला.

आत्या तिला वैनी म्हणायची, म्हणून भाऊही वैनी म्हणू लागला. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा आत्याने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "मारू नगा," आई म्हणाली. "त्याचं काय चुकलं?"

एकदा भाऊ ओट्यावरून खाली दगडावर पडला. कपाळ फुटलं. आत्या विहिरीवर गेली होती. आई आतून धावत आली, दोन्ही हात पुढे केले, आणि हातभर अंतरावर थांबली. हात पसरलेले, तो खाली रक्तबंबाळ, आणि ती किंचाळतेय, "वन्सं! उचला त्याला! वन्सं!" मी परकर सावरत आले आणि त्याला उचललं. आई तशीच उभी होती. तिचे हात खाली येत नव्हते.

त्यानंतर आत्याने आपलं गाठोडं बांधलं. "म्या हाय म्हनून हे असं हाय. लेकरू तुमचं हाय वैनी, म्या निस्तं राखलं," असं म्हणून ती शिरगावला गेली. भाऊ आई-आई करून रडायचा, ते आत्यासाठी. जेवेना. अंगात ताप भरला. मीच त्याच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत होते, आणि आई दारात बसून मला सांगायची, पट्टी बदल, पाय झाक, पाणी पाज. शेवटी तीच वडिलांना म्हणाली, "अवो, आना त्यान्ला. पोरगं जाईल माजं." आत्या आली ती कायमची.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले तेव्हाही तसंच. आई पहाटे पाणी तापवायची, माझ्यासाठी शेगडी पेटवायची, माझ्या मुलीची दुपटी उन्हात वाळवायची. मुलीला मात्र घ्यायची नाही. मला राहवलं नाही. "आई, एवढी वर्षं झाली. कशाला भितेस गं?"

ती शेगडीतले निखारे सारखे करत होती.

"दवाखान्यात माज्या बाजूच्या खाटंवर एक बाई व्हती," ती म्हणाली. "पोरासाठी लय झुरायची. मंग एक डाव तिच्या सासूनं पोरगं गुपचूप तारंतनं आत दिलं. तिनं त्याला छातीशी धरलं, मुकं घेतलं. आमी समद्या बगत व्हतो. मला तर वाटलं, माजं पन कुनीतरी आसंच आनावं." निखारा आत सारून ती म्हणाली, "त्ये पोरगं ह्याच दुखन्यानं गेलं. तिला सांगितलं तवा ती रडली न्हाई. भिंतीकडं त्वांड करून पडली, ती पुन्ना उटलीच न्हाई."

मग तिने जाड दुपटं घडी करून हातांवर घेतलं आणि म्हणाली, "दे." मुलीला घेऊन ती मान वळवून बसली. ती श्वास रोखून बसली आहे, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. श्वास पुरेना तशी तिने मुलगी परत दिली. मी सासरी जाईपर्यंत रोज तिने एवढं केलं.

भावाला घ्यायचे दिवस तोवर निघून गेले होते. तो मिसरूड फुटलेला, वलवणला कामाला जाऊ लागलेला. पुढे आईला अर्धांग झालं तेव्हा त्यानेच तिला उचलून आत-बाहेर केलं, पेज भरवली. तिचा लुळा हात तो हातात धरून बसायचा. तो हात काढून घ्यायची ताकद तिच्यात नव्हती. तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. ते भीतीचं की कशाचं, ते कळत नव्हतं. आणि विचारायला तिची वाचा गेलेली.

ती गेल्यानंतर एकदा मी आणि आत्या तांदूळ निवडत बसलो होतो. आत्या मधेच म्हणाली, "तिनं दिलं आन् म्या घेतलं. गोड वाटलं गं मला, आई म्हनायचा तवा. घ्याया नगं व्हतं का म्या?"

तेवढ्यात भाऊ कामावरून आला. आत्याने सूप खाली ठेवलं आणि त्याच्यासाठी चहाला उठली.