काटेवाल्यांची मांजर

वजनमापं तपासण्याच्या खात्यात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला मांजर आणून देणं हेच मुळात धाडस. त्यात ‘ही तब्येतीला चांगली असते’ असं सांगणं म्हणजे कहरच. बाजारात सगळे त्यांना काटेवाले म्हणत. वजनाच्या बुडातून कोरून काढलेलं शिसं, पारड्याखाली चिकटवलेलं मेण, पारड्यावर हळूच टेकलेला अंगठा, सगळं त्यांनी पकडलं होतं. निवृत्तीनंतर पकडायला कोणी उरलं नाही, म्हणून ते घरी आणलेले बिस्किटांचे पुडेही तोलून बघत.

लेकीने टोपली खाली ठेवली आणि आतून एक राखाडी मांजर बाहेर आली.

“डॉक्टरच म्हणाले, बाबा. घरात मांजर असली की मन शांत राहतं, रक्तदाबही उतरतो म्हणे.”

“आणि डॉक्टरांना हे कोणी सांगितलं? मांजरीने?”

कुठेतरी पाणी मुरतंय, हे काटेवाल्यांनी तेव्हाच ओळखलं. बायको गेल्यापासून घरात बाप-लेक दोघंच. आठ दिवसांनी खरं काय ते कळलं. लेकीला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत नोकरीला बोलावलं होतं आणि महिनाअखेरीला उत्तर द्यायचं होतं.

“तुमचा रक्तदाब ताळ्यावर आला तरच जाईन,” ती म्हणाली.

म्हणजे ही बया लेकीच्या जागी रुजू व्हायला आली होती! काटेवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

बया मात्र भलतीच डांबरट. लेक कामावर गेली की मांडीवर चढायची आणि घुरघुरत बसायची. एकदा तशातच काटेवाल्यांनी रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा दंडाला बांधला. एकशे सव्वीस. पुन्हा बटण दाबलं. एकशे चोवीस. यंत्रच खोटं असणार, म्हणून ते पिशवीत घालून दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांच्या यंत्राशी ताडून पाहिलं. यंत्र चोख निघालं. मग मांजरीला दूर बसवून मोजलं, एकशे चाळीस. मांडीवर घेऊन मोजलं, पुन्हा सव्वीस. चार दिवस हाच खेळ, चारही दिवस तेच. मांजरीत खोट म्हणून सापडेना.

मग काटेवाल्यांनी जे केलं ते सांगायलाही लाज वाटते. संध्याकाळी लेक यायच्या सुमारास ते मांजरीला न्हाणीघरात कोंडत, दोन मजले जिना चढून-उतरून येत आणि धाप दाबून खुर्चीत बसत. लेक आल्या आल्या पट्टा बांधी. एकशे अडुसष्ट. वहीत आकडा लिहिताना तिचा चेहरा उतरे.

“मांजरीचं काय घेऊन बसलीस! सगळं थोतांड आहे,” काटेवाले म्हणत. असे पंधरा दिवस गेले.

रविवारी सकाळी लेकीला फोनवर बोलताना त्यांनी ऐकलं. “नाही जमणार, सर. बाबांना सोडून नाही येता येणार... बरं, उद्या पक्कं कळवते.” मग तिने मांजरीला उचलून घेतलं. “उगाच आणलं गं तुला. उद्या परत सोडून येते.” तिचे डोळे लाल झाले होते.

काटेवाले जिंकले होते, पण दुपारचं ताट त्यांनी तसंच बाजूला सारलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे अंगठे पकडले, आणि आता पोटच्या पोरीच्या पारड्यावर आपलाच अंगठा होता. स्वतःचीच किळस आली त्यांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मांजर मांडीवर घेतली, पट्टा बांधला आणि लेकीला हाक मारली.

“वाच.”

“एकशे सव्वीस? अहो, परवा तर...”

“परवा जिने चढून बसलो होतो. रोजच चढायचो. आणि हिला न्हाणीघरात कोंडायचो.”

लेक रागाने काही बोलायला गेली, आणि तिला रडूच फुटलं.

“पण का, बाबा?”

“तू जाऊ नयेस म्हणून. दुसरं काय असणार? जा, फोन कर त्यांना. आणि ही इथेच राहील.”

ती आतल्या खोलीत गेली. दाराआडून तिचा आवाज आला, “हो सर, येते मी. नक्की.” कितीतरी दिवसांत तो इतका मोकळा ऐकू आला नव्हता. पट्टा अजून दंडालाच होता. मांजर मांडीवर घुरघुरत होती. काटेवाल्यांनी सवयीने पुन्हा बटण दाबलं.

एकशे बासष्ट.

पस्तीस वर्षांत त्यांनी एकही माप डोळ्यांआड केलं नव्हतं. लेकीची पावलं वाजली तसं त्यांनी घाईने यंत्र बंद केलं आणि वही मिटून ठेवली.