पाखराच्या वाट्याचे दाणे

एकोडीच्या मनकर्णाबाईंच्या ओसरीवर एक जागा झाडूला वर्ज्य होती. धान कापून झाले की त्या भरल्या लोंब्यांची जुडी वळून दारावर टांगत. चिमण्या येत, निम्मे खात, निम्मे सांडत. ते सांडलेले दाणे मनकर्णाबाई झाडत नसत आणि कोणाला झाडूही देत नसत. पाखराच्या वाट्याला झाडू लावला की घरची बरकत जाते, असे त्यांच्या सासूने सांगितले होते. सासूचे बाकी फारसे काही न ऐकलेल्या मनकर्णाबाईंनी एवढे मात्र जन्मभर पाळले.

नात हर्षा नर्सिंग शिकायला नागपूरला गेली, तेव्हा तिने आपली लव्हबर्डची जोडी आजीच्या स्वाधीन केली.

"होस्टेलात ठेवू देत नाहीत, आजी. मी सुट्टीत येईपर्यंत सांभाळजो."

मनकर्णाबाईंनी पिंजरा त्याच दाराशी टांगला आणि चिमण्यांचा नियम पाहुण्यांनाही लागू केला. चिमण्यांच्या चार लोंब्या कधीच्या संपत. ही जोडी मात्र रोज राळा खायची कमी आणि वरातीसारखा उधळायची जास्त. खाली दाण्यांचा सडा पडे आणि तसाच राही.

मग उंदीर आले. आधी ओसरीवर, नंतर आतल्या खोलीत. एका सकाळी मनकर्णाबाईंचे यजमान सुखराम यांना बियाण्याच्या धानाच्या पोत्याला भोक दिसले. कमी बोलणारे सुखराम त्या दिवशी बोलले.

"कायले पोसून राहिली वो ह्यायले? पाखरं दोन, अन् उंदरायची बारात."

"उंदरायले म्या बोलावलं का?"

"दाणे टाकून बोलावते, अन् वरून मलेच इचारते. झाडून घेतली ओसरी तं काय होते?"

"पाखराचं झाडत नसते."

"मंग आयक. पोत्याले आनखी एक भोक दिसलं, तं पिंजरा लाखांदूरले, गोपीचंदच्या घरी."

गोपीचंद त्यांचा भाचा. त्याला पाखरांचा शौक होता आणि घरी मांजरही होते. मनकर्णाबाईंना त्या दिवशी जेवण गोड लागले नाही. हर्षाला काय सांगायचे?

त्यांनी सापळा आणला. त्यात सापडलेला उंदीर सुखराम तलावाच्या पाळीवर सोडून येत. दुसऱ्या दिवशी नवा हजर. विषाचे नाव काढायची सोय नव्हती, चिमण्यांनी खाल्ले तर? राळ्याचा डबा झाकणाचा केला, सांजच्याला पिंजऱ्यातली वाटी काढून ठेवू लागल्या. पण खालचा सडा होता तिथेच होता.

शेजारच्या राधाबाईंची एक तांबडी कोंबडी होती. वाळत घातलेले धान उकरायची तिला खोड, म्हणून मनकर्णाबाईंची ती जुनी वैरीण. एका सकाळी ती पुन्हा अंगणात शिरली. मनकर्णाबाई काठी घेऊन धावल्या. कोंबडी ओसरीवर चढली, थेट पिंजऱ्याखाली गेली आणि टिपू लागली. मनकर्णाबाईंची काठी वरच्या वर राहिली. पाहता पाहता जमीन सारवल्यासारखी लख्ख झाली.

कुंपणावरून राधाबाई डोकावल्या. "माह्या कोंबडीले मारून राहिल्या का, मनकर्णाबाई?"

"नाही वो. खाऊ दे तिले. कोंबडीबी पाखरूच होय ना?"

"काल तं चोट्टी म्हणत होत्या."

"काल म्हणलं असन."

"अन् अंडं तुमच्या ओसरीवर देल्लं तं?"

"ते तुमचं. दाणे तेवढे आमचे."

त्या दिवसापासून कोंबडी सकाळ-संध्याकाळ ओसरीवर हक्काने येऊ लागली. पाखराच्या वाट्याचे पाखराच्याच पोटात जाऊ लागले, झाडू कोपऱ्यातच राहिला. खाली काही उरेना, तसे उंदीरही हळूहळू दुसरे घर शोधायला गेले.

पऱ्हे टाकायचे, म्हणजे रोपांसाठी धान पेरायचे दिवस आले. सुखरामनी बियाण्याचे पोते उजेडात ओढून चारही बाजूंनी फिरवून पाहिले. मनकर्णाबाई दारात उभ्या होत्या. जुन्या भोकाला मारलेले ठिगळ तेवढे होते, नवे भोक नव्हते. सुखराम पिंजऱ्याकडे पाहून "हं" म्हणाले आणि शेताकडे गेले.

हर्षा सुट्टीत आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा कुंपणाशी उभे दिसले. ते राधाबाईंना विचारत होते, "काहून वो, आज कोंबडी सोडली नाही का? आमची ओसरी तशीच पडून आहे."