दोन दिशांचं प्रस्थान

आधीच सांगून टाकतो, मी भित्रा नाही आणि भोळा तर मुळीच नाही. आपल्या मासिकाच्या गेल्या अंकांत वाचकांनी पिंपळावरच्या हडळी आणि विहिरीतल्या आसरा यांच्या ज्या हकीकती लिहिल्या, त्या वाचून मी पोट धरून हसलो होतो. कचेरीत असा विषय निघाला की मी म्हणे, "मला भूत दाखवा हो कुणीतरी, मी त्याला चहा पाजतो!" आता तो चहा माझ्यावरच उलटला म्हणा. पंधरा वर्षं ही गोष्ट कुणापाशी बोललो नाही. आज लिहितो आहे, त्याचं कारण शेवटी येईलच.

तेव्हा मी ठाण्याच्या कचेरीत कारकून होतो. बिऱ्हाड नौपाड्यात. घरात आम्ही तिघं — मी, माझी बायको यमुना, आणि माझी थोरली विधवा बहीण, आक्का. वर्षभरापूर्वीपर्यंत आम्ही चौघं होतो. आमची मुलगी ठकी चार वर्षांची होऊन तापाने गेली. तीन दिवसांचा ताप, बस्स. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर वज्रेश्वरीला नवस बोलून झालेली मुलगी! आणि नवस फेडायला जाऊ जाऊ म्हणता आमचं जाणं काही झालं नाही. आज सायबाची तपासणी, उद्या गाडीवाला नाही... कारणांना काय तोटा.

ठकी गेल्यावर यमुना घरात असून नसल्यासारखी झाली. पोळी तव्यावर जळायची आणि ती समोर बसलेली असायची. कधी तिघांऐवजी चौघांची पानं घ्यायची, मग एक उचलून ठेवायची. ओरडली असती, भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. शेवटी आमच्या डाक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "औषधाने हे जायचं नाही. हवाफेर करा. नाहीतर बाई हातची जाईल."

मग मी कंबर कसली. प्लॅन करण्यात माझा हात धरणारा कचेरीत कुणी नव्हता. फूलस्केप कागद घेतला, आगगाडीचं टाइमटेबल मांडीवर घेतलं आणि आखणी केली. दोन दिवस मुंबई — गिरगावात मामेभावाकडे उतरायचं, घोड्यांची ट्राम, वाळकेश्वर, राणीची बाग. तिथे हत्ती. ठकीला हत्ती बघायचा होता, रोज विचारायची. यमुना म्हणाली, "मी बघेन तिच्या वाटचा." मग पाच दिवस वज्रेश्वरी — देवीचा नवस, गरम पाण्याची कुंडं, धर्मशाळेत आराम. मुंबईहून परतताना कल्याणला उतरायचं, तरीच्या नावेतून खाडी ओलांडून कोनगावला जायचं आणि तिथून बैलगाडीने भिवंडीवरून पुढे. प्रत्येक दिवसाचे तास मी लिहून काढले. त्यात एक ओळ होती, 'दुपारी बारा ते दोन, विश्रांती (सक्तीची)'.

मी वाचून दाखवत होतो. यमुना ऐकत होती. एकदम म्हणाली, "विश्रांतीसुद्धा सक्तीची का? आणि इकडून घोरणं झालं तर दंड कुणाला?"

वर्षाने ती थट्टा करत होती! मी उठून परसात गेलो आणि उगीचच तोंड धुऊन आलो.

अडचण एकच निघाली. रजा मिळाली ती बुधवारपासून. आक्काने कपाळाला हात लावला. "जाशील बुधी, येशील कधी! बुधवारी घर सोडायचं नाही."

"मग सायबाला सांगतो, आमच्या आक्काला वार पसंत नाही," मी म्हणालो.

"सायबाला नको सांगूस. रविवारी मुहूर्त आहे. प्रस्थान ठेवू."

आपल्याकडे हा मोठा सोयीचा रिवाज आहे. मुहूर्तावर निघता येत नसेल तर अंगावरचं एखादं वापरलेलं वस्त्र घ्यायचं, त्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधायचं, आणि ते गाठोडं जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. शास्त्राने आपण निघालोच! मग चार-पाच दिवसांत सवडीने जाताना ज्याचं त्याने ते उचलायचं आणि पुन्हा घरी न येता पुढे जायचं. मी माझ्यापुरतं साफ नाकारलं. यमुनेचं मात्र ठेवायचं ठरलं.

पण दिशा कुठली? मुंबई दक्षिणेला, वज्रेश्वरीची वाट कोपरीवरून पूर्वेला, कल्याणकडे. आक्का विचारात पडली. पंचांगात दोन गावांच्या सहलीची सोय नव्हती. अखेर दोन गाठोडी ठेवायचं ठरलं. एक दक्षिणेला शेजारच्या दामल्यांकडे, दुसरं रुळांपलीकडे कोपरीत जनाबाईच्या अंगणात; ते मुंबईहून परतताना वाटेत ठाण्याला उतरून उचलायचं. जनाबाई ही आगरीण. त्या सालापासूनच आमच्याकडे भाजी घालू लागली होती. "तुळशीपाशी ठेव हो, घरात नको," आक्काने तिला सोवळंओवळं सांभाळून बजावलं.

रविवारी सकाळी मुहूर्ताची घटका आली आणि वापरलेली चोळी निघाली एकच. बाकीच्या धुऊन वाळत घातलेल्या. आक्का आणि यमुना एकमेकींकडे बघत राहिल्या. मला चेव आला. मी कात्री घेतली आणि ती चोळी पाठीवर मधोमध कापली. "हे घ्या! अर्धी यमुना मुंबईला, अर्धी वज्रेश्वरीला. झाला निकाल!"

"अरे मेल्या!" आक्का ओरडली. "अंगातलं वस्त्र कापतात का कुणी? जित्या माणसाचं?"

मी हसत होतो. यमुनाही हसली, माझ्यासाठी हसली असावी. त्या हसण्याची आठवण झाली की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

सोम-मंगळ ती फार दमल्यासारखी दिसली. "पाय दुखतात हो," म्हणाली. "कुठे चालले नाही, तरी दुखतात." मी म्हटलं, बांधाबांधीने असेल.

बुधवारी सकाळी दामल्यांकडचं गाठोडं यमुनेने उचललं आणि आम्ही गाडीत बसलो. घाटकोपर येईस्तो ती ठकीबद्दल बोलत होती. "असती तर खिडकीशी बसली असती नाही? डोळ्यांत कोळसा गेला म्हणून रडली असती." मी तिचा हात धरला. चार माणसांत धरला, हो!

बोरीबंदरला उतरलो तेव्हा दुपार झाली होती. आणि तिथून पुढे यमुना बदलली. मी आपला खूश, हवाफेर लागू पडला! ट्राममध्ये ती लहान मुलीसारखी वाकून घोडे बघत होती. गिरगावात वहिनीकडे दोनदा भात मागून घेतला. रात्री गाढ झोपली. मनात म्हटलं, डाक्टर, तुमच्या तोंडात साखर पडो.

गुरुवारी राणीच्या बागेत गेलो. हत्तीला केळं देताना माहूत यमुनेकडे बघून ओळखीचं हसला. "क्या बाई, आज बच्ची को नहीं लाया? परसों तो छोडतीच नहीं थी, एक बार और दिखाव बोलती थी."

माझ्या हातातली केळी खाली पडली. परवा म्हणजे मंगळवारी यमुना नौपाड्यात माझ्यासमोर कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिच्याकडे बघायचंच टाळलं. वाटलं, आता ही कोसळते.

ती हसून म्हणाली, "माणूस चुकला वाटतं. आपल्याला कुठं मूल झालंय अजून!"

मी म्हणालो, "यमुना... ठकी?"

"कोण ठकी?"

थट्टा नव्हती ती. पंधरा वर्षं मी तो चेहरा आठवून बघतो आहे. त्यात दुःख लपवल्याची खूण नव्हती. तिला खरोखरच ठाऊक नव्हतं.

प्लॅनचा कागद मी तिथेच चुरगाळला. शुक्रवारी ठाण्याला उतरून, रिवाज मोडून, यमुनेला घरी आक्कापाशी सोडलं आणि तसाच कोपरीत गेलो. का ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. एवढंच वाटत होतं, दुसरं गाठोडं हाती आलं पाहिजे.

जनाबाई भाजीच्या जुड्या बांधत होती. "गाठोरं? अवं, तुमची बाय इऊन नेली ना! बुदवारी, दुपारचे वक्ताला."

"कोण? आमची यमुना?"

"मंग? मी काय वलखत नाय तिला? संगं येक पोरी व्हती. पानी मांगली तिनं, मी दिली. बायला इचारली, मालक कुठं हान, तं बोलली नाय. कल्यानचे वाटंला गेली." मग जुडी खाली ठेवून ती म्हणाली, "पोरीचे एकाच पायान वाला कसा वो? दुसरा हारपला का?"

ठकीचा उजव्या पायातला वाळा मासुंद्याच्या तळ्यावर हरवला होता. डावा आम्ही काढला नव्हता. तसाच तिच्याबरोबर गेला. आणि जनाबाईने आमची ठकी कधी पाहिलेली नव्हती.

शनिवारी पहाटेच्या गाडीने मी एकटा निघालो. कोनच्या तरीवर नावाड्याला विचारलं. हो, म्हणाला, एक बाई आणि मुलगी पलीकडे नेल्या होत्या, मुलीने पाण्यात हात घालून आईचा सारा पदर भिजवला. भिवंडीला मुक्काम करून रविवारी उन्हं वर येता येता कुंडांवर पोचलो. फुलं विकणारी एक म्हातारी होती, तिला विचारलं.

"होत्या की. नवस फेडायला आलेल्या. आताच लेकीला न्हाऊ घालून गेल्या, तुम्ही यायच्या थोडं आधी."

"कुठे गेल्या?"

तिने झाडीतल्या पायवाटेकडे बोट दाखवलं. मी धावलो. घसा फुटेस्तो हाका मारल्या, दोघींच्या नावाने. झाडीत कुणी नव्हतं. परत आलो तर कुंडाच्या कडेला दगडावर ती अर्धी चोळी वाळत घातलेली होती, माझ्या कात्रीने कापलेली. अजून ओली होती. सुपारी आणि हळकुंड शेजारी होतं. तांदूळ नव्हते.

मी ती उचलली. ही घरी नेली, चोळीचे दोन्ही तुकडे एकत्र आले, की यमुनेला सगळं आठवेल याची मला का कोण जाणे, पक्की खात्री वाटली. पुन्हा ती जळणारी पोळी, ते चौथं पान. पण खरं सांगतो, मी थांबलो तो त्यामुळे नव्हे. मनात आलं, ही मी नेली तर ठकीजवळ कोण? चार वर्षांचं पोर, इतक्या लांब...

चोळी वाळेपर्यंत मी तिथे बसलो. रडायचं तेवढं रडून घेतलं. मग ती होती तशीच दगडावर पसरली आणि परत फिरलो.

यमुना बरी झाली. खणखणीत बरी. पुढे दोन मुलगे झाले. ती हसते, रागावते, माझ्या घोरण्याची नक्कल करून दाखवते. थोरल्याच्या बारशाला कुणीतरी 'पहिलटकरीण' म्हणून तिची ओटी भरली तेव्हा आक्का उठून आत गेली. आक्काने आणि मी आपसांतसुद्धा कधी विषय काढला नाही. जनाबाई, माहूत, नावाडी यांना एकाच वेळी भास झाला म्हणावा, तर चोळी तिथे कुणी नेली? आणि आई पोटच्या पोरीला विसरते कशी? वैद्यकीची पुस्तकं आणून वाचली, शास्त्र्यांना आडवळणाने विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही. मी केलं ते बरोबर केलं का, हेही नाही.

गेल्या महिन्यात आक्का गेली. तिची उत्तरक्रिया आटोपली आणि संध्याकाळी लक्षात आलं की आता या घरात त्या मुलीला ओळखणारा मी एकटाच उरलो. उद्या माझं काही झालं, तर ती होती हे सांगायलासुद्धा कुणी नाही. म्हणून हे लिहिलं. यमुनेला वाचता येत नाही, मुलं अजून लहान आहेत. आपण कुणी वाचाल त्यांनी एवढंच ध्यानात ठेवा. आम्हाला एक मुलगी होती. तिचं नाव ठकी.