नव्या नळाचं पाणी

आमच्या घरी कोणी दृष्ट काढायला मीठ-मोहरी घेतली की मी म्हणते, ती मोहरी फोडणीला द्या! जन्मभर बॉटनी शिकवलेली बाई मी, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. तरीही हे लिहितेय...

छत्तीसगड नुकतंच वेगळं राज्य झालं होतं. रायपूर राजधानी म्हणून नटत होतं आणि आमच्या युनिव्हर्सिटीच्या मुलींच्या हॉस्टेलात काविळीची साथ आली होती. मी तिथली वॉर्डन. परीक्षा तोंडावर, त्यामुळे हॉस्टेल रिकामं करता येईना. आजारी मुलींना बॅडमिंटन हॉलमध्ये हलवलं, टाक्या उपसल्या, मेसमध्ये पाणी उकळून द्यायला लागलो. मग मेसमागे नवी बोअर मारली. एका दुपारी तिचा नळ बसला आणि वरून हुकूम आला - संध्याकाळपासून हेच पाणी, उकळणं बंद. मी तर हुश्श केलं.

त्याच दुपारी हॉलमध्ये सरिताच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते. ही कांकेरकडची पोरगी. घरी छत्तीसगढी, बाहेर हिंदी. तापानं डोळे मिटलेले... आणि एकदम स्वच्छ आवाजात म्हणाली,

"पोट्ट्यायले नव्या नळाचं पाणी काहून पाजून राहिली वो बाई? घाण हाय त्यात."

अस्सल वऱ्हाडी! माझ्या अमरावतीच्या गल्लीतली! अंगावर सरसरून काटा आला. अख्ख्या हॉस्टेलात मराठी बोलणारी मी एकटी. आणि सरिता कित्येक दिवस हॉलबाहेर पडलेलीच नव्हती, नळ बसल्याचं तिला कळणार कुठून?

तशीच उठून युनिव्हर्सिटीच्या डॉक्टरांकडे गेले. खरं कारण सांगायची सोयच नव्हती. म्हटलं, "डॉक्टर साहब, जाँच के बिना वो पानी मैं बच्चियों को नहीं दूँगी."

"मॅडम, आप भी ना!" म्हणून हसले. पण देवमाणूस! लगेच नळ बंद करवला, पाणी तपासायला पाठवलं. गटाराचं पाणी मिसळत होतं त्यात. बाकीच्या मुली वाचल्या.

सरिता हळूहळू बरी झाली. तिला ते वाक्य मी म्हणून दाखवलं, तर खुदकन हसली. "मोला मराठी नइ आवय, मॅडम."

घरी निघताना ती माझ्या पाया पडायला वाकली, तर मीच खाली बसून तिचे पाय धरले.

"ये क्या कर रहे हो, मॅडम!" बिचारी घाबरलीच.

तिच्या तोंडून कोण बोललं, मला आजही ठाऊक नाही. पण कोणाच्या तरी पायांवर डोकं ठेवायचं होतं, आणि समोर तिचेच पाय होते.