मी पोहायलाच गेलते

लेक माझी मास्तरीण. ह्या उन्हाळ्यात रिटायर झाली. शाळेनं दिलेली शाल आणि नारळ घरात ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी मला म्हणाली, "आई, पिशवी भर. आपण दोघी जंगलात राहायला जायाचं."

मी म्हणलं, "जंगलात? आणि खायाचं काय, पाला?"

"चल की गप."

राधानगरीच्या पलीकडं, घाटाच्या अंगाला, झाडीत लपल्यागत एक हाटेल हाय. दारातच एका पोरीनं गार पाण्यात भिजवलेलं फडकं हातात दिलं. मला वाटलं पायरी पुसायची हाय. मी वाकलेबी. ती पोरगी कावरीबावरी झाली. "आजी, तोंड पुसायला हाय ते!" लेक हसली, मीबी हसले. मग कोकमाचं सरबत आलं, उंच गिलासात.

खोली लाकडाची. एक भिंत सगळी काचंची, आणि काचंपलीकडं नुसतं रान. पलंग एवढा थोरला की इचलकरंजीत आम्ही मायलेकी राहिलो त्या खोलीत मावलाच नसता. सकाळी जाग आली तर बाहेर मोर ओरडत हुता आणि मला काय कामच न्हवतं. शेण न्हाय, चूल न्हाय, मागाचा खडखडाट न्हाय. जलमात पैल्यांदा असं झालं. पलंगावर तशीच बसून राहिले. एक बाप्या चहा घेऊन आला आणि वर विचारतोय, साखर किती घालू. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

पण मी सांगणार हाय ते ह्याच्या म्होरचं.

खोलीच्या मागं पोहायचा तलाव हुता. निळ्या फरशीचा न्हवं, काळ्या दगडाचा. वरनं जांभळीची फांदी आलेली. बघितलं आणि मला माझ्या माहेरची विहीरच दिसली. पाय सोडून बसावं म्हणून काठाला गेले, तशी लेकीनं मागनं माझा पदर धरला.

"आई, मागं सर."

आता ही पकड जुनी हाय. वाडीला दत्ताच्या दर्शनाला गेलो तर सगळी दुनिया नदीच्या घाटावर बुडी मारती, आणि माझी लेक माझं मनगट धरून पायरीवर हुभी. का, ते सांगते.

माझ्या बापानं मला बारकी असतानाच पोहाया शिकवलं. पाठीला वाळका भोपळा बांधायचा आणि विहिरीत सोडायचं. सराव झाला की भोपळा सोडायचा आणि तळ काढायचा. तळ काढायचा म्हंजे बुडी मारून खालचा गाळ मुठीत धरून वर आणायचा. गाळ दाखवला तरच पोहाया येतंय म्हणायचं, न्हायतर न्हाय. मी भावांच्या आधी तळ काढलाय.

लगीन झालं आणि पाणी सुटलं. सुनंनं विहिरीत उतरायचं न्हाय, झालं. मग नवरा गेला. उसाची बैलगाडी घेऊन बिद्रीच्या कारखान्याला चाललेला, गाडी उलटली आणि त्यातच संपला. लेक तवा चार-पाच वर्साची.

त्याच उन्हाळ्यात एक दिवस वैरण कापून अंग नुसतं भाजून निघालं हुतं. विहिरीवर कुणी न्हवतं. विळा आणि चपल्या काठावर ठेवल्या, काष्टा खोचला आणि उतरले. एवढ्या वर्सांनी बुडी मारली, पण अंग विसरलं न्हवतं. तळ गाठला, गाळ मुठीत घेतला. तेवढ्यात वर कुणी बाईनं चपल्या बघून बोंब ठोकली. चुलत दिरानं उडी टाकली आणि माझ्या झिंज्या धरून ओढलं. माझ्या नाकातोंडात पाणी गेलं ते त्याच्या त्या ओढण्यानं.

मी खोकत सांगतेय, "अवं, मी पोहाया गेलते!"

"नवरा मेलेली बाई भर दुपारी पोहाया जाती व्हय?"

एका म्हातारीनं माझी मूठ उघडली. गाळ निघाला. ती म्हणाली, "बघा गं बया, जीव जाताना माती धरली हुती."

मग काय, सगळ्यांनी गळा काढला. माझी लेक त्या गर्दीत शिरली, माझ्या वल्ल्या लुगड्याचा सोगा मुठीत धरला आणि काय केल्या सोडंना.

म्होरं दिरानं विहिरीच्या पायऱ्यांवर काटं टाकलं. मला पाणी दुसऱ्या बायका आणून द्यायच्या, तेबी माझ्या तोंडाकडं बघत बघत. कट्टाळले आणि लेकीला घेऊन इचलकरंजीला आले. मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरल्या, लोकांची धुणीभांडी केली, लेकीला शिकवलं. त्याचं मला काय न्हाय. कष्ट सगळीच करत्यात. पण लेक धाव्वीत असताना एकदा जेवता जेवता म्हणाली, "आई, तवा मला टाकून का चाललीवतीस?"

मी म्हणलं, "पोहाया गेलते गं."

ती म्हणाली, "बरं."

त्या "बरं"मध्ये मला कळलं, हिला पटलेलं न्हाय. परत तिनं कधी विचारलं न्हाय, मीबी बोलले न्हाय. पण पोटात ते तसंच राहिलं. जगाला काय वाटायचं ते वाटू दे. लेकीला वाटू नये.

म्हणून त्या तलावाच्या काठाला मी म्हणलं, "पदर सोड. मी उतरणार हाय."

"येडी का खुळी तू? सत्तरी कवाच सरली तुझी!"

तिथं गळ्यात शिट्टी अडकवलेला एक मिशीवाला बसला हुता. तो उठला. "आजी, लुगड्यावर उतरता येत न्हाय. पोहायची कापडं लागत्यात."

"मग आणा की पावणं. हायत का माझ्या मापाची?"

त्यानं आणली. काळी, ताणली की ताणणारी, मनगटापासनं घोट्यापर्यंत. लेक म्हणाली, "आई, हे घालणार तू? कुणी बघितलं तर?"

"कोण बघतंय? माकडं? भात लावताना गुडघ्याच्या वर काष्टा खोचून जलम गेला माझा. ह्यात तर सगळं झाकतंय."

घालून आले तर लेकीचं तोंड उतरलेलं. काठावर बसली हुती, डोळ्यात पाणी. हळू आवाजात म्हणाली, "नको ना जाऊ."

मी तिच्यासमोर हुभी राहिले. "तुला अजून वाटतंय मी जीव द्याया गेलते?"

तिनं माझं मनगट धरलं, ते मी सोडवलं.

"मग हितं बस आणि बघ."

पाणी गार हुतं. पैल्यांदा गुडघं कुरकुरलं, मग पाण्यानंच उचललं मला. ह्या काठापासनं त्या काठापर्यंत गेले, परत आले. मिशीवाला म्हणाला, "आरारारा! आजी, हे कुठं शिकला?" मी म्हणलं, "भोपळ्यावर." छाती भरून दम घेतला आणि बुडी मारली.

खाली सगळं हिरवंकाळं. पाखरांनी खाऊन टाकलेल्या जांभळाच्या बिया तळाला पडल्या हुत्या. मूठ भरली. वरनं लेकीची हाक ऐकू येत हुती, "आई! आई!" पण ह्या वेळंला कुणी झिंज्या धरल्या न्हाईत. माझी मी वर आले. मिशीवाला एक पाय पाण्यात घालून हुभाच. त्याला म्हणलं, "बसा खाली पावणं."

काठाला आले आणि लेकीच्या हातावर मूठ उघडली.

तिनं त्या वल्ल्या बियांकडं बघितलं, मग माझ्याकडं. लई येळ बघितलं. मग लहान पोरीगत हुंदका देऊन म्हणाली, "पोहायलाच गेलतीस."

"व्हय. तवापासनं तेच सांगतेय की मी!"

"मला वाटायचं मी नकोशी झालेवते तुला."

"तू नकोशी? खुळे, घरी येऊन तुला भाकरी करून घालायची हुती. पीठबी चाळून ठेवलेलं."

ती रडता रडता हसाय लागली. एवढी मोठी मास्तरीण, नाक हातानं पुसतीय. मी म्हणलं, "आता ऊठ, कापडं घालून ये. तुला शिकवते."

"ह्या वयात?"

"माझ्यापरास बारकीच हाईस की."

ती आली. पैल्यांदा तिचा हात माझं लुगडं धराय सरसावला, पण धरायला लुगडंच न्हवतं. तिच्या पोटाखाली मी हात लावला, बापानं मला लावलेला तसाच. ती पाय झाडतीय, पाणी गिळतीय, ओरडतीय, "आई, सोडू नको!" सगळं हाटेल बघाय लागलं.

"हात मार!" मी ओरडले. "नुसतं रडतीय काय, हात मार!"

आणि तिनं मारला.