घुमटाला घातलेली कळी

माझे काका एका आर्किटेक्टच्या ऑफिसात चौतीस वर्षं मॉडेलं करत होते. अर्ध्या मिलिमीटरवरून कुणाशीही हुज्जत घालायचे, म्हणून त्यांचं नावच पडलं मिलिमीटरकाका. इमारती दुसऱ्यांच्या, नावं दुसऱ्यांची. काकांच्या वाट्याला बोटांना चिकटलेला गोंद.

निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं, आता एक इमारत आपल्या मनासारखी. जुन्या दगडी प्रार्थनाघरांच्या उंच, टोकदार कमानी त्यांना फार आवडत. हलकं लाकूड कोरून त्यांनी चौकोनी मनोरा उभा केला, खिडक्यांना रंगीत जिलेटिन लावलं.

काकू शिवणकाम करायच्या. मशीनवरून मान वर करून म्हणाल्या, "झकास! पण वर टोक नको हो. जुन्या शाही न्हाणीघरांना, त्या हमामांना असतो तसा गोल घुमट करा."

"अगं, ही शैली वेगळी, ती वेगळी. दोघींचं जमायचं नाही."

"आपलं तरी कुठे जमत होतं?"

काका कामाला लागले. पालथ्या वाडग्यावर कागदाचा लगदा थापून घुमट केला, वर तांब्याचा पत्रा मढवला. मनोऱ्यावर ठेवला, तर चारी कोपरे उघडे! गोलाखाली चौकोन, दुसरं काय होणार? पुठ्ठा लावला, तो दिसायला ठिगळ. लाकडाची पाचर ठोकली, तर कमानच तडकली. आठ दिवसांनी काकांनी घुमट उचलून माळ्यावर टाकायला घेतला.

"नसता उपद्व्याप!"

"थांबा," काकू म्हणाल्या. "सदरा काखेत ताणला की मी काय करते? तिकोनी कळी घालते."

त्यांनी कॉलरचं कडक कापड घेतलं, उरेब, म्हणजे तिरकं धरून चार कळ्या कापल्या, गोंदात बुडवल्या आणि कोपऱ्यांत ताणून बसवल्या. वाळल्यावर चौकोन वर जाताजाता अलगद गोल झाला. काकांनी पट्टी लावून पाहिली. पुन्हा पाहिली. मग खुर्चीत बसून हसत सुटले.

"इतकी वर्षं घरात हे चाललंय, आणि मी कधी पाहिलंच नाही!"

मॉडेल दाखवायला दोघं ऑफिसात गेले. साहेबांनी खालून टॉर्च मारून आत पाहिलं. "हे कोपरे कुणी केले?"

"आमच्या सीनियरनी," म्हणत काकांनी दाराकडे बोट दाखवलं.

दारात उभ्या काकूंनी वळून मागे पाहिलं, कोण आलंय म्हणून.

आता दर शनिवारी काकू त्या ऑफिसातल्या मुलींना कापडाचं काम शिकवतात. कात्र्यांची पिशवी काका धरतात.